शब्दावरचा व्यापार आणि कागदावरची जमीन

व्यापारी पेढीवर शब्दाला किंमत असते, हे केवळ बोलण्यापुरते नाही. एकेकाळी अनेक बाजारपेठांत रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरत, माल गाडीत भरला जाई आणि रक्कम पंधरवड्याने, महिन्याने येई. हुंडी असो, जांगड माल असो वा अडतीचा हिशेब असो, लेखी करार क्वचितच होत असे. वहीतील नोंद आणि समोरच्याची पत एवढ्यावर मोठमोठ्या उलाढाली चालत. ज्याने शब्द मोडला त्याला दुसऱ्या दिवशी बाजारात उभे राहणे कठीण होई. शब्द पाळला जाण्यामागे सचोटी होतीच. पण त्याबरोबर उद्याही याच बाजारात याच माणसांशी व्यवहार करायचा आहे, ही पक्की जाणीव होती.

अशा घरातील माणूस धंद्यात साठलेला पैसा जागेत गुंतवायला निघतो, तेव्हा हीच सवय सोबत घेऊन निघतो. गोदामासाठी शहराबाहेरची जागा, मुलासाठी दुकानगाळा, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून रस्त्यालगतचे दोन एकर. विक्रेता ओळखीचा निघतो, वडिलांपासूनचा संबंध निघतो, मधला दलाल तर रोज दुकानावर चहाला येणारा. मग घरातच प्रश्न निघतो : वकील कशाला? या प्रश्नामागे दर वेळी पैसे वाचवण्याचा विचार असतो असे नाही. वकील नेमणे म्हणजे समोरच्याला अप्रामाणिक ठरवणे, असा एक संकोच त्यात असतो, आणि तो संकोच चांगल्या संस्कारांतूनच आलेला असतो.

पण माल आणि जमीन यांत एक मूलभूत फरक आहे. हळदीचे पोते विकणाऱ्याच्या गोदामात असते. ते त्याचेच आहे, हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही. जमिनीचे तसे नसते. जमीन ज्याच्या ताब्यात आहे, जो ती तीस वर्षे कसतो आहे, ज्याचे नाव उताऱ्यावर आहे, त्याला ती संपूर्ण विकण्याचा हक्क असेलच असे नाही. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, हे त्या विक्रेत्यालाही ठाऊक नसू शकते. प्रामाणिक माणूससुद्धा स्वतःचे नसलेले विकू शकतो, अगदी निर्मळ मनाने. त्याची सचोटी घेणाऱ्याच्या हक्काचे रक्षण करू शकत नाही. कारण दावा विक्रेता लावत नाही, दावा तिसराच कोणी लावतो.

उदाहरणादाखल एक साधा व्यवहार घ्यावा. शहरालगत चाळीस गुंठे बिनशेती जागा आहे. सातबाऱ्यावर तीन भावांची नावे आहेत, तिघेही सज्जन, तिघांचीही सही करण्याची तयारी. जुने फेरफार काढले तर दिसते की त्यांच्या वडिलांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी तीन अक्षरे होती. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन त्यांच्या एकट्याची नव्हती, कुटुंबाची होती. ते केवळ कर्ते होते. या तिघांना एक बहीण आहे, लग्न होऊन परगावी गेलेली. वडील वारले तेव्हा वारस म्हणून तिचे नाव लागले नाही. तिचे लग्न थाटात करून दिले होते, ती काही मागणार नव्हती आणि तिने खरोखरच कधी काही मागितले नाही.

कायदा मात्र मागण्याची वाट पाहत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ हा जैनांनाही लागू आहे आणि त्यानुसार वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीतही मुलगी आणि विधवा पत्नी या पहिल्या वर्गातील वारस ठरतात. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला सहदायाद मानले, पण तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद राहिला नाही. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले की मुलीचा हा हक्क जन्मतःच आहे, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री तेवढी अबाधित राहते.

आता बहीण वारली आणि तिच्या मुलांनी वाटणीचा दावा लावला, तर तो दावा तीन मामांपुरता राहत नाही. त्या जागेवर गोदाम बांधून बसलेला व्यापारीही प्रतिवादी होतो. बँक त्या जागेवर कर्ज देईनाशी होते, विकायला काढली तर गिऱ्हाईक फिरकत नाही. यात कोणी कोणाला फसवले? कोणीच नाही. खरेदीपूर्वी बहिणीची सही खरेदीखतावर घेतली असती, किंवा तिच्याकडून आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घेतले असते, तर प्रकरण उद्भवलेच नसते. ते एका दिवसाचे काम होते. घरगुती कागदावर ‘मला काही नको’ असे लिहून घेतलेले मात्र येथे चालत नाही. स्थावरातील हक्क सोडण्याचा दस्त नोंदणीकृतच असावा लागतो.

वकिलाच्या कामाचा खरा उपयोग येथे आहे. खरेदीखताचा मसुदा तर आज कोणताही सराईत दस्तलेखक करून देतो. तीन अक्षरांपाशी थांबून ‘बहिणी किती?’ असे विचारणारा माणूस दुर्मीळ असतो, आणि फी त्या प्रश्नाची असते.

सातबाऱ्याविषयी एक गैरसमज व्यापारी घरांत खोलवर रुजलेला आहे. उतारा कोरा, म्हणजे जमीन निर्वेध, असे मानले जाते. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच. ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ या शब्दांतच सगळे आले. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत पुन्हा पुन्हा सांगितले आहे. शहरातील मिळकत पत्रिकेकडेही याच सावधगिरीने पाहावे लागते.

मग दुय्यम निबंधक कार्यालयातील शोध. सूची क्रमांक दोन पाहून साधारणतः तीस वर्षांचे नोंदणीकृत व्यवहार तपासले जातात. हे आवश्यक आहे. परंतु जे नोंदलेच गेले नाही ते या शोधात दिसत नाही. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. तोंडी वाटणी तर कुठेच नसते. ताब्यात बसलेला जुना भाडेकरू, बांधावरून वर्षानुवर्षे जाणारी वाट, दिवाणी न्यायालयात प्रलंबित असलेला दावा, हे प्रत्येक वेगळ्या ठिकाणी शोधावे लागते. चांगला वकील म्हणून शोधपत्रावर थांबत नाही. तो विक्रेत्याची वंशावळ मागतो, मृत्यूचे दाखले मागतो, जागेवर कोण आहे ते पाहून येण्यास सांगतो आणि स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस देतो. या नोटिशीने कोणाचा हक्क आपोआप बुडत नाही, हेही ध्यानात ठेवलेले बरे. हरकत घेणारा असल्यास तो वेळीच पुढे येतो आणि घेणाऱ्याने सद्भावनेने चौकशी केली होती याचा पुरावा राहतो, असा तिचा दुहेरी लाभ आहे.

शेतजमिनीच्या बाबतीत मात्र वकील घ्यावा की नाही, हा प्रश्नच उरत नाही. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणास लागू असलेल्या १९४८ च्या कुळकायद्याचे कलम ६३ बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास मनाई करते. त्यासाठी परवानगी लागते. मराठवाड्यास १९५० चा आणि विदर्भास १९५८ चा स्वतंत्र कुळकायदा लागू आहे, तरतुदींचा रोख बराचसा तसाच. अनेक व्यापारी घरांचे मूळ गावी थोडे शेत असते आणि त्यावरून ते शेतकरी ठरतात. पण ते शेत आजोबांच्या नावावरच राहिले असेल, वारसनोंद झाली नसेल, किंवा मधल्या काळात विकले गेले असेल, तर शेतकरी असल्याचा दाखला मिळवताना अडचण येते. त्याहून मोठी चूक म्हणजे भागीदारी पेढीच्या नावाने शेतजमीन घेणे. भागीदार शेतकरी असले म्हणून पेढी शेतकरी होत नाही. असा व्यवहार अवैध ठरून जमीन शासनजमा होण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकते.

उताऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात लहान अक्षरांत पुष्कळ काही दडलेले असते. ‘कुळकायदा कलम ४३ ला अधीन’ असा शेरा असेल, तर ती जमीन कुळाला कायद्याने मिळालेली असून तिच्या हस्तांतरावर अटी आहेत. ‘भोगवटादार वर्ग २’ असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. वतनाची जमीन, देवस्थान इनाम, पुनर्वसनासाठी संपादन केलेली जमीन, आदिवासी खातेदाराची जमीन, यांतील प्रत्येकाचे नियम वेगळे. आदिवासींच्या जमिनींना तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ चे कडक संरक्षण आहे. गुंठेवारीच्या लहान तुकड्यांविषयीचे नियम गेल्या काही वर्षांत इतक्यांदा फिरले आहेत की दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याने घेतले, म्हणून आज आपणही घ्यावे, हा हिशेब धोक्याचा आहे.

‘अ.पा.क.’ ही आणखी एक संक्षिप्त नोंद. मालक अज्ञान असून त्याच्या वतीने पालकाचे नाव लागले आहे, असा तिचा अर्थ. अज्ञानाची स्वतंत्र मिळकत नैसर्गिक पालकाने, म्हणजे वडिलांनी किंवा आईनेही, न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकली असेल, तर ते मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत ती विक्री रद्द करून मागू शकते. तेव्हाचा अज्ञान बालक आज पन्नाशीचा असेल तर चिंता नाही; वीस वर्षांचा असेल तर आहे. नोंद तीच, पण काळाप्रमाणे तिचा अर्थ बदलतो. असे हिशेब शेजारच्या अनुभवी काकांना विचारून सुटत नाहीत.

याचा अर्थ प्रत्येक व्यवहारात वकिलाचे दार ठोठावावे असा नाही. तसे सांगणारे वकीलही असतात आणि त्यांच्या सल्ल्यामागे कधी सावधगिरी असते, कधी व्यवसाय. दुकानाचा गाळा अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर द्यायचा असेल, तर ठरलेला नमुना आणि नोंदणी पुरेशी होते. अट वेगळी घालायची असली तरच सल्ला घ्यावा. महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पातील सदनिका घेताना जमिनीच्या हक्काचा अहवाल, मंजूर नकाशे, प्रकल्पावरील बोजा आणि चालू दावे यांची माहिती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. १ मे २०१७ पासून पूर्णतः अमलात आलेल्या या कायद्याने विकासकाला नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई केली आहे, आणि जमिनीच्या सदोष हक्कामुळे नुकसान झाल्यास विकासकाकडून भरपाई मागण्याला मुदतीची आडकाठी ठेवलेली नाही. येथे ग्राहकाला कायद्याचा बराच आधार आहे. तरीही कराराचा मसुदा आदर्श नमुन्यापासून कोठे ढळला आहे, हे एकदा जाणकाराने वाचून सांगणे इष्ट. त्यासाठी एका बैठकीची फी पुरते, पूर्ण शोधाचा खर्च करण्याचे कारण नाही. याउलट पाचशे चौरस मीटरच्या आतील किंवा आठपेक्षा अधिक सदनिका नसलेल्या छोट्या इमारतींना नोंदणीची सक्ती नाही. लहान गावांत बहुतेक इमारती याच मापात बसतात, आणि तेथे मात्र सारी चौकशी घेणाऱ्यालाच करावी लागते.

बँकेच्या लिलावातील मिळकतींकडे अलीकडे व्यापाऱ्यांचा ओढा वाढलेला दिसतो. किंमत आकर्षक असते. ‘जशी आहे तशी, जेथे आहे तेथे’ या शब्दांकडे मात्र दुर्लक्ष होते. बोली मंजूर होताच अनामतीसह २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या पुढील दिवशी भरावी लागते आणि उरलेली साधारण पंधरा दिवसांत. चुकली तर भरलेली रक्कम जप्त होऊ शकते. थकीत करपट्टी, सोसायटीची बाकी, आत बसलेला भाडेकरू, कर्जदाराने न्यायाधिकरणात केलेला अर्ज हे सर्व बोलीपूर्वीच पाहायचे असते. बोली लावल्यानंतर वकिलाकडे जाणे म्हणजे वरात निघाल्यावर पत्रिका जुळवणे.

हीच उलटी चाल इसाराच्या वेळी सर्वत्र दिसते. चांगला दिवस पाहून, दुकानाच्या गादीवर बसून, शंभराच्या अथवा पाचशेच्या मुद्रांकावर इसारपावती होते, दहा-वीस लाख दिले जातात आणि मग कागद वकिलाकडे येतात. तोवर घेणाऱ्याची बाजू लंगडी झालेली असते. दोष निघाला, तर रक्कम परत मागायची कशी? पावतीत त्याचा उल्लेखच नसतो. वकिलाने पंधरा दिवस आधी चार ओळी घातल्या असत्या, तर ‘हक्क निर्वेध न आढळल्यास इसाराची रक्कम अमुक दिवसांत परत करावी’, ‘मोजणीत क्षेत्र कमी भरल्यास किंमत त्या प्रमाणात कमी व्हावी’, ‘सर्व वारसांच्या सह्या विक्रेत्याने मिळवून द्याव्यात’ एवढे तरी लिहिले गेले असते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे साठेखताने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही, फक्त खरेदीखत करून मागण्याचा अधिकार मिळतो. आणि तो बजावण्यासाठी ठरलेल्या तारखेपासून, तारीख ठरली नसल्यास नकार कळल्यापासून, तीन वर्षांची मुदत आहे. ‘करू हो पुढच्या वर्षी, घाई काय’ असे म्हणत गेलेली चार वर्षे पुष्कळांना महागात पडली आहेत.

कुलमुखत्यारपत्रावरची खरेदीही अशीच. मुद्रांक वाचतो म्हणून काही ठिकाणी मुखत्यारपत्र, करारनामा आणि ताबा एवढ्यावर व्यवहार पुरा झाला असे मानले जाते. अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. त्यानंतरही हे चालू राहावे, याचे आश्चर्य वाटते. विशेषतः जी माणसे दुकानात एका रुपयाची तफावत सापडेपर्यंत रात्री वही मिटत नाहीत, त्यांच्याकडून.

वकील नेमायचा ठरला, तरी तो कोणाचा, हा प्रश्न उरतो. ‘बँकेच्या वकिलाने पाहिले आहे’ हे वाक्य फार ऐकू येते. बँकेचा वकील बँकेसाठी पाहतो. कर्जाची रक्कम वसूल होईल इतपत हक्क आहे काय, एवढा त्याच्यापुढील प्रश्न असतो. घेणाऱ्याला तेथे पुढील वर्षी गोदाम बांधता येईल काय, रस्ता कायदेशीर आहे काय, हे त्याच्या कामात येईलच असे नाही. विकासकाचा वकील विकासकाचा. दलालाने आणलेला वकील बहुधा व्यवहार पार पडावा या इच्छेचा, कारण पुढचे गिऱ्हाईकही तोच दलाल आणणार असतो. घेणाऱ्याचा वकील घेणाऱ्याने निवडलेला आणि घेणाऱ्याकडूनच फी घेणारा असावा, इतके साधे हे सूत्र आहे.

व्यापारी घरांत याहून अवघड पेच दोन. एक म्हणजे सनदी लेखापाल. घराचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास असतो आणि तो योग्यच असतो. म्हणून जागेचेही त्यांनाच विचारले जाते. पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या खरेदीत विक्रेत्याच्या रकमेतून एक टक्का करकपात करायची, स्थावराच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेतल्यास तितकाच दंड होऊ शकतो, बाजारमूल्य आणि खतातील किंमत यांत तफावत असल्यास दोन्ही बाजूंना कर लागू शकतो, हे ते अचूक सांगतात. पण कर किती, हे सांगणे एक आणि हक्क कोणाचा, हे सांगणे दुसरे. सुज्ञ लेखापाल स्वतःच ते काम वकिलाकडे धाडतात.

दुसरा पेच नात्यातला वकील. भाचा वकील झालेला असतो, मोटार अपघातांच्या भरपाईची कामे उत्तम करतो, आणि मामांची जमीन त्याने पाहावी अशी साऱ्या नातलगांची अपेक्षा असते. तो नाही म्हणू शकत नाही, फी घेऊ शकत नाही, आणि फी नसलेले काम शेवटी सवडीने होते. त्यातून व्यवहार बिघडला, तर जमिनीबरोबर नातेही जाते. जमिनीच्या हक्काचे काम हे एक स्वतंत्र कसब आहे. ज्या तालुक्यातील जमीन आहे तेथील जुने फेरफार, मोडी कागद, इनामांचा इतिहास ठाऊक असलेला स्थानिक वकील मोठ्या शहरातील नामांकित कचेरीपेक्षाही अशा कामात उजवा ठरतो. भाच्याला त्याच्यासोबत बसवावे, तोही शिकेल.

फीच्या बाबतीत थोडी आकडेमोड करून पाहण्यासारखी आहे. शहरी भागातील एक कोटीच्या खरेदीवर मुद्रांक शुल्क सहा-सात टक्क्यांच्या घरात, म्हणजे सहा ते सात लाख; नोंदणी फी एक टक्का, पण कमाल तीस हजार; दलाली ठरेल त्याप्रमाणे, दोन टक्के धरली तर दोन लाख. हे सर्व निमूट दिले जाते. वकिलाची फी यांतील दलालीच्या जवळपासही बहुधा जात नाही, आणि घासाघीस होते ती नेमकी तेथेच. कामाच्या आधी फी, शोध किती वर्षांचा, नोटीस कोणत्या वृत्तपत्रात, खरेदीखताच्या दिवशी वकील स्वतः येणार की साहाय्यक, हे लिहून घेतलेले बरे. किमतीच्या टक्केवारीवर किंवा ‘व्यवहार झाला तरच’ अशा बोलीवर हक्काची तपासणी सोपवणे अयोग्यच. ज्याची फी होकारावर अवलंबून आहे, त्याच्याकडून नकाराची अपेक्षा कशी करावी?

अभिप्राय लेखीच मागावा, सहीचा, तारखेचा, कोणते कागद पाहिले आणि कोणते मिळाले नाहीत याच्या यादीसह. हे का, याचे कारण कटू आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निकाल दिला. सल्ला चुकला, तर ग्राहक आयोगाचा सोपा मार्ग उरलेला नाही. दिवाणी दावा किंवा बार कौन्सिलकडे तक्रार एवढेच. म्हणून अभिप्रायपत्र हाती आल्यावर ते तिजोरीत ठेवण्यापूर्वी पूर्ण वाचावे. शेवटच्या परिच्छेदात ‘वरील गोष्टींच्या अधीन राहून’ असे शब्द असतील, तर वरील गोष्टी कोणत्या, हे समोर बसून विचारावे. हिशेबाच्या वहीतील खाडाखोड ज्यांच्या नजरेतून सुटत नाही, त्यांना हे जड जाऊ नये.

घेणाऱ्याच्या स्वतःच्या घरातील प्रश्नही याच वेळी निघतात, आणि ते विचारायला वकिलाइतके सोयीचे दुसरे कोणी नसते. जागा थोरल्याच्या नावे घ्यायची, पण पैसा पेढीचा, म्हणजे तिन्ही भावांचा. सध्या साऱ्यांचे एक चालते, म्हणून कोणी बोलत नाही. वडील असेपर्यंत चालतेही. पुढे वाटणीच्या वेळी ‘ती जागा माझ्या नावावर आहे’ आणि ‘पैसा दुकानातून गेला होता’ ही दोन्ही वाक्ये खरीच असतात, आणि दोन खऱ्या वाक्यांचे भांडण सोडवणे सर्वांत अवघड. खरेदी व्यक्तीच्या नावे, अविभक्त कुटुंबाच्या नावे की पेढीच्या नावे, हे आधी ठरवून खतात पैशाचा उगम स्पष्ट लिहिला, तर पुढची पिढी वाचते. पेढीची मिळकत विकताना एका भागीदाराच्या सहीवर भागत नाही, कारण भागीदारी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे स्थावर विकण्याचा अधिकार भागीदाराला गृहीत धरलेला नाही; विकत घेणाऱ्यानेही हे तपासायचे असते. कुटुंबातील कोणी मंदिराच्या, धर्मशाळेच्या किंवा वसतिगृहाच्या विश्वस्त मंडळावर असेल, तर आणखी एक गोष्ट : सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, १९५० च्या न्यास कायद्याचे कलम ३६ तसे सांगते. सर्व विश्वस्तांचे एकमत झाले म्हणून ही परवानगी टळत नाही, आणि अशी जागा स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्याने हे विसरू नये.

विक्रेत्यापुढे वकिलाचे नाव काढायचे कसे, हा संकोच शेवटपर्यंत राहतोच. जुन्या पेढ्यांत यावर एक सोपा उपाय असे. ‘आमच्याकडे प्रत्येक जागेचे कागद पाहण्याची रीत आहे, वडिलांनी घालून दिलेली’ असे म्हटले की विषय माणसावरून रीतीवर जातो. प्रामाणिक विक्रेत्याला त्यात राग येण्यासारखे काही नसते; तो फायली काढून देतो. ‘दुसरे गिऱ्हाईक उद्याच पैसे देत आहे’ असे उत्तर आले, तर तेही माहितीच देऊन जाते.

खरेदीखत नोंदले, पेढे वाटले, तरी काम संपत नाही. फेरफारासाठी नोंद धरली गेली का, हितसंबंधितांना नोटिसा गेल्या का, हरकतीची पंधरा दिवसांची मुदत निर्विघ्न गेली का, मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली का, हे पाहावे लागते. बोजा असलेली जागा घेतली असेल, तर बँकेचे फेडीचे पत्र मिळूनही उताऱ्यावरील बोजा वर्षानुवर्षे तसाच राहिलेला आढळतो. तो कमी करून घ्यावा लागतो. नवा उतारा हाती आला की मूळ खरेदीखत, सूची दोन, मागील मालकांची खते, शोधपत्र, जाहीर नोटिशीचे कात्रण, मोजणीचा नकाशा, करकपातीचे प्रमाणपत्र आणि वकिलांचे अभिप्रायपत्र एका फायलीत लावून तिची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी, आणि ती कोठे आहे हे घरातील किमान दोघांना, त्यांपैकी एका स्त्रीला, ठाऊक असावे. वीस वर्षांनी ती जागा विकायला निघेल, तेव्हा समोरच्याचा वकील पहिल्या भेटीत हीच फाईल मागेल.